त्रेपन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता घरातला दिवस कसा बसवावा?

पहिली_पाळी (नाशिक)

नमस्कार. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात टूलरूम सुपरवायझर होतो. कंपनीने उत्पादनाचा मोठा भाग परराज्यात हलवल्यानंतर स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि वयाच्या ५३व्या वर्षी मी ती स्वीकारली. घराचे कर्ज फिटलेले आहे, मुलगा पुण्यात नोकरीला लागला आहे, मुलगीही कमावती आहे आणि तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू आहे. त्यामुळे माझा प्रश्न पैशांचा नाही, दिवसाचा आहे.

पहिल्या पाळीच्या सवयीने अजूनही पाचच्या आत जाग येते. पूर्वी सव्वासहाला कंपनीची बस कोपऱ्यावर यायची; आता त्या वेळेपर्यंत माझी अंघोळ, पूजा, पेपर सारे उरकलेले असते आणि पुढे अख्खा दिवस मोकळा असतो. पत्नी दहावीपर्यंतच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. दुपारी चारपासून हॉलमध्ये सतरंजी पसरली जाते, मुले येतात, आणि मी आतल्या खोलीत पंख्याखाली बसून राहतो, कारण मी बाहेर डोकावलो की मुले गप्प होतात आणि पत्नीच्या कपाळावर आठी येते. सकाळीही तेच. मी स्वयंपाकघरात गेलो की तिला अडचण होते, आणि नाही गेलो तर ‘नुसते बसून असतात’ असे ऐकावे लागते. ती चुकीचे बोलते असे मला वाटत नाही. पंचवीस वर्षे ते घर दिवसभर तिच्या ताब्यात होते.

बाहेरची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. आमच्या सिडकोच्या वस्तीत भर दुपारी घरी दिसणाऱ्या माणसाला शेजारी ‘नाइट आहे का?’ असे विचारतात, आणि पुष्कळदा मी नुसती मान हलवून पुढे जातो. बागेतल्या ज्येष्ठ नागरिक संघात चौकशी केली, तर साठीची अट असल्याने अजून सात वर्षे थांबा असे हसत सांगण्यात आले. नातेवाइकांना मात्र मी मोकळा असल्याचे बरोबर कळले आहे. कोणाचे आरटीओचे काम, कोणाच्या आईला दवाखान्यात नेणे, कोणाच्या फ्लॅटवर प्लंबर येणार म्हणून तिथे जाऊन बसणे, या सगळ्यांसाठी पहिला फोन मला येतो. मुलीच्या बायोडाटात वडिलांच्या व्यवसायापुढे काय लिहावे यावर घरात झालेली चर्चा तर मी इथे मांडतच नाही.

ज्यांनी साठीच्या आधी नोकरी सोडली आहे, त्यांनी आपला दिवस प्रत्यक्षात कसा बसवला, हे जाणून घ्यायचे आहे. ‘छंद जोपासा’ हा सल्ला मला भरपूर मिळालेला आहे.

खाडीकाठ (ठाणे)

आपला प्रश्न वाचला आणि तो आपल्या पत्नीच्या बाजूने लिहावा असे वाटले, कारण मी त्या बाजूला राहिले आहे. माझे यजमान दूरसंचार खात्यात आणि पुढे भारत संचार निगममध्ये होते. २०१९च्या अखेरीस तिथे पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी देशभरातले ७८ हजारांहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. त्यांत हेही होते. निरोप समारंभाचे हार सुकतात न सुकतात तोच मार्चमध्ये टाळेबंदी लागली, त्यामुळे जो बदल इतर घरांत हळूहळू होतो तो आमच्याकडे एकदमच अंगावर आला.

पहिल्या महिन्यात यांनी माझ्या स्वयंपाकघराची ‘व्यवस्था’ लावायला घेतली. मिसळणाच्या डब्यात मोहरी आणि जिरे शेजारी का आहेत, कुकरच्या चार शिट्ट्या कशाला, तीन पुरत नाहीत का, फ्रिजमध्ये कालची आमटी पुढे आणि परवाची मागे का, असे सगळे प्रश्न अत्यंत प्रेमाने विचारले जात. माणूस वाईट नव्हता. बत्तीस वर्षे एक्स्चेंजमध्ये बिघाड शोधण्याचे काम केले होते आणि आता घरात बिघाड शोधणे चालले होते, एवढेच. मला तपासणी नको होती आणि, हे विशेष लक्षात घ्या, मदतही नको होती. ‘काही मदत करू का?’ असे विचारणाऱ्याला आधी काम समजावून सांगावे लागते, मग वस्तू कुठे आहे ते दाखवावे लागते आणि शेवटी केलेल्या कामाचे कौतुक करावे लागते. त्यापेक्षा ते काम आपण केलेले परवडते.

बदल झाला तो एक अख्खे काम पूर्णपणे त्यांच्याकडे गेल्यावर. भाजी हे ते काम. काय आणायचे हे तेच ठरवतात, आणतात तेच, आणि निवडतातही तेच. गवारीच्या शिरा काढणे, मेथी खुडणे, कोथिंबिरीची मुळे कापून ती कोरड्या पंचात गुंडाळून डब्यात ठेवणे, हे सारे त्यांच्याकडे आहे. सुरुवातीला किडकी वांगी आली आणि एका आठवड्यात तीनदा दुधी आला. मी गिळून गप्प बसले आणि दुधीचे थालीपीठ, दुधीचा हलवा, दुधीचे मुठिये असे सगळे करून झाले. आज बाजारात कोणत्या भाजीवालीकडे अळू बिनखाजरे मिळते, हे मला त्यांना विचारावे लागते. तेव्हा आपणही पत्नीला मदत करू नका, तिच्याकडून एक खाते काढून घ्या आणि त्यातली फजिती तिला शांतपणे पाहू द्या.

दुसरे म्हणजे, रोज ठरावीक वेळ आपण घराबाहेर असणे तिच्यासाठी आवश्यक आहे. ती वेळ तिची असते. तिला त्या वेळात बहिणीशी फोनवर बोलायचे असेल, नुसते आडवे व्हायचे असेल किंवा काहीही करायचे नसेल. आपण नाशिकचे आहात. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, आपल्या गावात आहे. सावानात जाऊन बसण्यासाठी साठीची अट नाही.

टर्नर_फिटर

मला हे सारे दुखणे अनाठायी वाटते. ५३ हे घरी बसण्याचे वय नाही. अंबड आणि सातपूरमधल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना ड्रॉइंग वाचून फिक्स्चर, म्हणजे जॉब घट्ट पकडून ठेवणारे साधन, बनवून देणारा अनुभवी माणूस आज मिळत नाही. उद्या सकाळी डबा घेऊन निघा.

जुना_खातेदार (डोंबिवली)

वरच्या प्रतिसादात तथ्य आहे, पण ते सर्वांना लागू पडत नाही. माझ्या अनुभवाचा काळ जुना आहे. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. पंधरा वर्षांची सेवा किंवा चाळीस वर्षे वय, अशी पात्रता होती. एक लाखाहून अधिक जण तेव्हा बाहेर पडले आणि त्यांत माझ्यासारखे पन्नाशीच्या आसपासचे अनेक होते. आमच्या एका शाखेतूनच सात-आठ जण निघाले, त्यामुळे पुढच्या वीस वर्षांत कोणाचे काय झाले हे मला जवळून पाहता आले.

ज्यांनी लगेच दुसरी नोकरी धरली, त्यांतल्या काहींचे उत्तम चालले. काहींनी मात्र निम्म्या पगारावर आधीपेक्षा कमी वयाच्या साहेबाची बोलणी खाल्ली आणि वर्षभरात घर गाठले. एकाने मिळालेली रक्कम मेहुण्याच्या धंद्यात घातली. त्याविषयी अधिक लिहीत नाही. पण सर्वांत वाईट अवस्था झाली ती दर दोन-तीन दिवसांनी शाखेत चक्कर मारणाऱ्यांची. पहिले काही दिवस चहा येतो, लोक खुर्ची पुढे करतात. मग काउंटरवरची नवी मुले ‘काका, काही काम होते का?’ असे विचारतात, आणि त्या प्रश्नाला उत्तर नसते.

आपण छंदाचा सल्ला नाकारला आहे, तो योग्यच आहे असे मी म्हणेन. नोकरी आपल्याला काम देते हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपण गेलो नाही तर कोणाचे तरी अडते. पाळीवर सुपरवायझर आला नाही की फोन येतो. बासरी शिकायला घेतली आणि आज वाजवली नाही, तर जगात कोणाचेही काही बिघडत नाही. म्हणून छंद सहा महिन्यांत गळून पडतात आणि माणूस स्वतःला आळशी समजू लागतो. मी मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटपाच्या कामात शिरलो. ही संस्था १९७५ पासूनची आहे आणि तिथे सभासदांच्या महिन्याच्या किराण्याचे वाटप स्वयंसेवक करतात. मागणीपत्रके गोळा करणे, त्यांची बेरीज जुळवणे, आलेला माल ठरलेल्या दिवशी घराघरांत वाटून देणे आणि हिशेब पूर्ण करणे, हे सारे तारखेला झालेच पाहिजे, कारण तितक्या घरांतला साखरेचा डबा त्यावर अवलंबून असतो. पगार शून्य आहे. पण वाटपाच्या दिवशी मी उशिरा पोहोचलो तर चार जण घड्याळाकडे पाहत असतात, आणि मला तेच हवे होते.

आपल्या हाती कारागिरी आहे. सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तासिका तत्त्वावर निदेशक घेतात का, त्यासाठी आपली पात्रता बसते का, याची चौकशी करावी. नाही बसली तरी एखाद्या तंत्रशाळेतल्या मुलांना मायक्रोमीटर कसा धरावा आणि रीडिंग घेताना मनगट कसे सैल ठेवावे, हे दाखवायला कोणी नको म्हणणार नाही.

नातेवाइकांच्या कामांबद्दल एक व्यवहारी सूचना करतो. नकार देऊ नका, वार द्या. ‘माझा गुरुवार मोकळा आहे’ एवढेच म्हणावे. ज्याचे काम खरोखर अडलेले असते तो गुरुवारपर्यंत थांबतो. बाकीचे आपली कामे स्वतः करू शकतात हे त्यांना आठवते.

पैशांचा प्रश्न नाही असे आपण लिहिले आहे, तरी दिवसाशी संबंधित असलेली एक गोष्ट सांगतो. आलेली सारी रक्कम एकाच बचत खात्यात दिसत राहिली, तर माणूस एक तर रोज ती पाहून घाबरतो किंवा रोज ती पाहून शेर होतो. ती वेगळी गुंतवून दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम घरखर्चाच्या खात्यात येईल अशी सोय करावी. त्यामुळे घरात महिन्याची चाल पूर्वीसारखी राहते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना आपल्याला आज खुली नाही. स्वेच्छानिवृत्तांना ती साठीच्या आधी मिळते, पण त्यासाठी वय ५५ लागते. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेला वयाची अट नाही आणि संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन पन्नाशीनंतर लवकर सुरू करता येते, परंतु ५८ला जितकी वर्षे कमी असतील त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. नुसते ‘काहीतरी येत राहील’ म्हणून तो अर्ज भरू नये.

पहिली_पाळी (नाशिक)

सर्वांचे आभार. खाडीकाठ यांचा प्रतिसाद मी पत्नीला वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला आणि ‘भाजी नको, मला भाजी आणायला आवडते, तुम्ही दळण आणि गॅसपासून लाइट बिलापर्यंत सगळी बिले घ्या, आणि सकाळचा नाश्ता’ असे खाते ताबडतोब जाहीर केले. नाश्त्याच्या बाबतीत माझी मजल अजून पोह्यांच्या पुढे गेलेली नाही आणि पोहे भिजवण्याचे गणित मला टॉलरन्सच्या, म्हणजे मापात किती फरक चालेल याच्या, गणितापेक्षा कठीण वाटते. जाड पोहे आणि पातळ पोहे यांना एकच नियम लावून चालत नाही, हे कोणीच आधी सांगत नाही.

टर्नर_फिटर यांच्या सूचनेप्रमाणे अंबडच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बोलणे केले आहे. पूर्णवेळ जाणार नाही, हे त्यांना सांगितले. दुपारी तीन ते सात, म्हणजे नेमक्या शिकवणीच्या वेळात, त्यांच्या दोन नव्या मुलांना बसवून जिग-फिक्स्चरचे काम शिकवायचे आणि अडलेला जॉब पाहायचा, असे ठरत आहे. मालकाने ‘कन्सल्टंट’ असे कार्ड छापून देण्याची तयारी दाखवली आहे, आणि मुलीने ते बायोडाटासाठी लगेच मान्य केले.

एक राहिलेली शंका विचारतो. कंपनीचा गट आरोग्य विमा या महिनाअखेर संपतो आहे. पत्नीला मधुमेह आहे. नवी पॉलिसी घ्यावी की जुनीच पुढे चालवता येते?

जुना_खातेदार (डोंबिवली)

गट विमा ज्या कंपनीचा आहे, त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर मागावे, आणि हा अर्ज संरक्षण चालू असतानाच, म्हणजे याच आठवड्यात, लेखी द्यावा. गटात काढलेली वर्षे धरली गेली, तर मधुमेहासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च विम्यातून न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, तितका कमी होतो. अगदी नवी पॉलिसी घेतली तर तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. किती वर्षे धरली, हे पॉलिसीच्या कागदावर लिहून घ्यावे. अर्जात मधुमेह आणि चालू औषधे स्पष्ट नमूद करावीत, एजंट काहीही सांगो. शिधापत्रिका असल्यास महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपण बसता. नाशिकमधली कोणती रुग्णालये त्या यादीत आहेत हे आत्ताच पाहून ठेवावे. मनुष्यबळ विभागाकडून गट विम्याचा सदस्य क्रमांक आणि संरक्षणाच्या सुरुवातीची तारीख दर्शवणारे पत्र मागून घ्या, कारण अर्जासोबत ते लागेल.