पुराचं पाणी ओसरलं, आता भिंतींना बुरशी. गणपतीआधी रंग द्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचा फ्लॅट पुण्यात सिंहगड रोडला, एकतानगरीजवळ, तळमजल्यावर आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि मुठा नदीचं पाणी घरात गुडघ्याच्या वर चढलं. गाळ काढला, फिनेलने फरशी पुसून घेतली. आता बेडरूमच्या भिंतीवर काळे-हिरवे ठिपके उठलेत, तेही पाणी जिथवर आलं होतं त्याच्या वीतभर वरपर्यंत. खोली जरा बंद राहिली की कुबट वास येतो. सासूबाईंना दमा आहे, त्या खोलीत पाऊल टाकलं की खोकल्याची उबळ येते. सध्या त्या नणंदेकडे कोथरूडला आहेत. पण ७ सप्टेंबरला गणपती, आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, आणि त्या येणारच म्हणतात.

रंगारी म्हणतो, घासून पुट्टी मारतो, वर वॉटरप्रूफ रंग देतो, आठवड्यात घर नवं. मला हे पटत नाही, पण घरात सगळ्यांना घाई आहे. भिंत आतून वाळली हे ओळखायचं कसं? खिडक्या उघडाव्यात तर बाहेरची हवाही दमटच.

दुसरं म्हणजे कपाट. आईबाबांनी लग्नात करून दिलेलं, सागवानी, फक्त पाठ प्लायची. त्या पाठीवर पांढरी केसाळ बुरशी आहे. ते वाचवता येईल का? आणि कापसाच्या गाद्या पिंजून घेतल्या तर चालतील का? ब्लीच की व्हिनेगर, यावर तर जो तो वेगळं सांगतो.

प्रतिसाद १

ताई, रंगाऱ्याला थांबवा. विटा आणि गिलावा पाणी वर ओढून घेतात, म्हणून ठिपके पाण्याच्या रेषेच्या वर दिसताहेत. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग दिला की पाणी आत कोंडतं, थोड्याच दिवसांत पोपडे सुटतात आणि त्यामागे बुरशी वाढत राहते. पुरात भिजलेल्या भिंतीला वाळायला महिनोन्महिने लागू शकतात. दिवाळीच्या पुढचंच धरून चाला.

तपासायला जाड प्लास्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलं तर भिंत ओलीच आहे. एसी असेल तर खिडक्या लावून ड्राय मोडवर चालवा. नसेल तर पावसाची उघडीप मिळेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि एका खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने लावा. पंख्याचा झोत बुरशीवर नको, बीजाणू घरभर उडतील.

फुगलेली पुट्टी खरवडावीच लागेल, पण आधी पाणी फवारून ती ओली करा. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. खरवडून झाल्यावर साबणाच्या पाण्याने घासून कोरडं पुसा. टाइल्सवर ब्लीच ठीक आहे, पण गिलाव्यात ते खोलवर जात नाही. आणि कृपा करून ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. घरात दम्याचं माणूस आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

गाद्या टाकून द्या. पुराच्या पाण्यात ड्रेनेजचं पाणी असतं, पिंजून ते जात नाही. कपाट वाचेल. प्लायची पाठ काढून टाका, सागवान साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा.

प्रतिसाद २

भिंतीवर कुठे पांढरं दिसलं तर पाणी शिंपडून बघा. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार, बुरशी नव्हे. तो कोरड्या ब्रशने झाडायचा.

सासूबाईंना मात्र या घरात आणू नका. गणपती या वर्षी नणंदेकडेच बसवा, पुष्कळ घरांत अडचणीच्या वर्षी असं करतात. आणि भिजलेले प्लग पॉइंट वायरमनने बघितल्याशिवाय वापरू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रंगाऱ्याला नाही म्हणून कळवलं. गणपतीचं नणंदेशी बोलते, सासूबाईंना समजावणं अवघड जाईल, पण बोलते. एकच राहिलं: कपाट धुतल्यावर गच्चीत उन्हाला ठेवलं तर चालेल का?

प्रतिसाद १

कडक उन्हात नको, लाकूड तडकतं. सावलीत, वारा लागेल असं, दारं सताड उघडी ठेवून वाळवा. नवी पाठ ते पूर्ण सुकल्यावरच बसवा, आणि खोलीत ठेवताना भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा.