मदत हवी आहे: आगीची जुनी स्वयंचलित घंटा, तार तुटली तरी वाजेल अशी कशी करायची?

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या आठवीच्या मुलांनी आगीची सूचना देणारी घंटा निवडली आहे. बाजारात तयार मिळणारं सेन्सर मॉड्यूल जोडायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं. इमारतींमध्ये अशी यंत्रणा पहिल्यांदा आली तेव्हा जे सामान हाताशी होतं तेवढ्यावरच करायचं: धातूची पट्टी, बॅटरी, तार आणि घंटा.

पट्टी जमली. पितळेची आणि लोखंडाची पातळ पट्टी गावातल्या लोहारदादांनी रिव्हेट मारून जोडून दिली. खाली मेणबत्ती धरली की पितळ जास्त प्रसरण पावतं, पट्टी लोखंडाच्या बाजूला वाकते, समोरच्या स्क्रूला टेकते आणि घंटा वाजते. प्रसरणाचा धडा मुलांना फळ्यावर जितका कळला नसता तितका त्या पट्टीने कळला.

मग एका मुलीने विचारलं, "बाई, उंदराने वायर कुरतडली तर?"

आम्ही वायर कापून पाहिली. पट्टी वाकली, स्क्रूला टेकली, घंटा गप्प. सगळ्यात वाईट हे की लांबून पाहिलं तर काही बिघडलंय असं कळतच नव्हतं. वर्षभर घंटा वाजली नाही, तर आग लागली नाही म्हणून की तार तुटली म्हणून, हे कसं ओळखायचं? तेव्हापासून वर्गाला दुसरं काही सुचत नाहीये. मलाही हाच प्रश्न या मॉडेलचा खरा गाभा वाटतो, म्हणून इथे आले.

तर मदत अशी हवी आहे. तार तुटली, जोड निसटला, तरी घंटेने स्वतःच ओरडून सांगावं, अशी जोडणी आठवीच्या मुलांना कळेल अशा सामानात करता येईल का? जुन्या काळी लोकांनी यावर काय केलं होतं? तक्त्यावर इतिहास लिहायचा आहे आणि "पहिली आगीची घंटा" म्हणून कुठे १८५२, कुठे १८९०, कुठे १९०२ असं दिसतं. यातलं काय लिहावं? आणि शेवटचं: शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकांनी विचारलंय की मुलांचं मॉडेल चांगलं झालं तर ते पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीत कायमचं बसवू या का. त्यांना काय सांगू?

तामिळनाडूतली कुंभकोणमची शाळा माझ्या मनातून जात नाही. १६ जुलै २००४, स्वयंपाकाच्या जागेतून आग छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यामुळे हा प्रश्न मी केवळ प्रदर्शनापुरता विचारत नाहीये.

प्रतिसाद १

बाई, तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. मी फायर अलार्मची पॅनेलं, म्हणजे सगळ्या तारा जिथे येतात त्या नियंत्रणपेट्या, बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. आमच्या धंद्यातला अर्धा अभ्यास या एका प्रश्नाभोवती आहे.

उपाय सोपा आहे: सर्किट उलटं करा. आत्ता तुमचं सर्किट एरवी उघडं असतं आणि आगीत बंद होतं. त्याऐवजी एरवी बंद ठेवा, सतत करंट वाहू द्या, आणि आगीत ते उघडू द्या. म्हणजे आग लागो, तार तुटो की जोड निसटो, परिणाम एकच: करंट थांबतो. करंट थांबला की घंटा.

पट्टी नवीन करायची गरज नाही. फिरवून लावा, पितळेची बाजू स्क्रूकडे. थंड असताना टेकलेली राहील, तापली की लोखंडाकडे वाकून स्क्रूपासून सुटेल. स्क्रू जितका आत दाबाल तितक्या जास्त तापमानाला सुटेल, हेच तुमचं सेटिंग. अंदाजासाठी हिशेब: मोकळी लांबी १० सेंमी, दोन्ही धातू मिळून जाडी १ मिमी, तापमान ४० अंशांनी वाढलं तर टोक सुमारे २ मिमी सरकतं. रिव्हेटची जोडणी पूर्ण घट्ट नसते, म्हणून थोडं कमी धरा. पट्टी दुप्पट लांब केलीत तर सरकणं चौपट होतं. हे मुलांकडून मोजून घ्या, आलेख सुंदर येतो.

आता घंटा. १२ व्होल्टचा साधा रिले घ्या, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच. त्याची कॉइल आणि पट्टी एका ओळीत जोडा. करंट आहे तोवर रिले ओढलेला राहील. करंट थांबला की स्प्रिंग त्याला सोडेल आणि सुटल्यावर जुळणारा जो काँटॅक्ट असतो, दुकानात 'एनसी' म्हणतात, त्यातून घंटेला वीज जाईल. पट्ट्या कितीही असोत, सगळ्या एकाच ओळीत.

दोन गोष्टी मात्र नक्की करा. पहिली, दोन काँटॅक्टचा रिले घ्या आणि त्यातला एक, रिले ओढल्यावर जुळणारा काँटॅक्ट कॉइलच्याच ओळीत टाका, सुरू करायला एक पुश बटण त्याला समांतर. मग रिले एकदा सुटला की पट्टी थंड झाली तरी आपोआप परत ओढला जात नाही. माणसाने येऊन, पाहून, बटण दाबावं लागतं. नाहीतर पट्टी हलली की घंटा तुटक तुटक वाजते आणि लोक दुर्लक्ष करतात. दुसरी, घंटेची बॅटरी वेगळी ठेवा. पट्टी आणि कॉइलच्या ओळीची बॅटरी संपली तर रिले सुटेल आणि दुसऱ्या बॅटरीवर घंटा वाजेल. एकच बॅटरी असेल तर ती संपल्यावर सगळंच गप्प.

घंटेची बॅटरी संपली तर काय, हे ती मुलगी विचारणारच! त्याला दर आठवड्याला चाचणी बटण दाबणे एवढंच उत्तर आहे. ते आजही बदललेलं नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला इतिहासाची जोड देतो.

१८५२ म्हणजे बोस्टन. विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी शहरभर तारायंत्राच्या पेट्या बसवल्या. पेटीतला दांडा फिरवला की कुठल्या पेटीतून इशारा आलाय ते मध्यवर्ती कचेरीत कळायचं. फार मोठं काम, पण ते स्वयंचलित नव्हतं. कोणीतरी जागं असायला हवं, आग दिसायला हवी, त्याने पेटीपर्यंत पळत जायला हवं.

१८९० साली फ्रान्सिस अप्टन आणि फर्नांडो डिबल यांना विजेवर चालणाऱ्या, उचलून नेता येणाऱ्या आगीच्या घंटेचं अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक ४३६९६१. अप्टन हे एडिसनच्या मेन्लो पार्क प्रयोगशाळेतले गणिती. १९०२ म्हणजे बर्मिंगहॅमचे जॉर्ज अँड्र्यू डार्बी; तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की सर्किट पूर्ण होऊन इशारा देणारं त्यांचं यंत्र. तक्त्यावर "पहिली" असं एकच वर्ष लिहू नका. १८५२ ला "माणसाने वाजवायची", १८९० आणि १९०२ ला "उष्णतेने आपोआप वाजणारी" असं लिहिलंत तर मुलांना आणि परीक्षकांना फरक लगेच दिसेल.

सतत करंट वाहू द्यायचा तर त्या काळी घट (बॅटरीचा सेल) कुठला, हाही छान मुद्दा आहे. दारावरच्या घंटेसाठी लेक्लांशे घट वापरायचे, १८६६ चा. तो अधूनमधून वापरायला उत्तम, पण सतत करंट घेतला की त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) उतरतो आणि विश्रांती द्यावी लागते. डॅनियल घट, १८३६ चा, मात्र सतत काम करू शकतो. म्हणूनच कायम बंद असलेल्या तारायंत्राच्या सर्किटांना त्याच कुळातले घट लागत. उघडं सर्किट स्वस्त आणि घट वर्षभर टिकवणारं. बंद सर्किट खर्चिक, देखभाल मागणारं, पण तार तुटली तर सांगणारं. आज इतक्या वर्षांनी तुमच्या वर्गापुढे तीच निवड आहे.

धुराचं पुढचं प्रकरण दोन ओळींत: १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं यंत्र करू पाहत होते. वायूने काही होईना, पण त्यांच्या सिगारेटच्या धुराने मीटरची सुई हलली. तिथून आयनीकरणावर चालणारा स्मोक डिटेक्टर आला.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी फिरवली, रिले जोडला. मुलांनी पाळीपाळीने तार कापली आणि प्रत्येक वेळी घंटा वाजली! वर्गात जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

पण आता पुढचा प्रश्न तयार आहे. तार तुटली तरी तीच घंटा, आग लागली तरी तीच. मुलं म्हणतात, उंदरासाठी सगळी शाळा मैदानात का पळवायची? आणि अशी दोन-चारदा पळवली तर खऱ्या आगीला कोण उठेल? हा फरक करता येतो का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

करता येतो, आणि आजची साधी पॅनेलं नेमकं तेच करतात. त्यासाठी दोन अवस्थांऐवजी तीन लागतात.

दोन तारा ओढा. सगळ्यात शेवटच्या टोकाला, म्हणजे शेवटच्या डिटेक्टरच्याही पुढे, दोन तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. आता त्याच दोन तारांमध्ये पट्टी पुन्हा पहिल्यासारखी, तापल्यावर टेकणारी, आणि तिच्या ओळीत ६८० ओहमचा रेझिस्टर. १२ व्होल्टवर एरवी साधारण २.५ मिलिअँपिअर वाहतील. पट्टी टेकली की २० च्या आसपास. तार तुटली की शून्य. शाळेतला मिलिअ‍ॅमीटर लावलात तर सुईच तीन गोष्टी सांगेल: थोडी वर म्हणजे सगळं ठीक, खूप वर म्हणजे आग, शून्य म्हणजे तार गेली. प्रदर्शनात मीटर मोठ्या पुठ्ठ्यावर लावा आणि तीन रंगांचे पट्टे काढा. परीक्षकांनाच कात्री द्या, त्यांच्या हाताने तार कापू द्या. मीटरच्या आधी १ अँपिअरचा फ्यूज टाकायला विसरू नका. बॅटरी जुन्या यूपीएसची वापरलीत आणि ती शॉर्ट झाली तर तारा लाल होतात.

तो शेवटचा रेझिस्टर शेवटीच हवा, हे मुलांना नक्की समजवा. मी दुरुस्तीला जातो तिथे अनेकदा तो पॅनेलच्या डब्यातच लावलेला सापडतो, कारण फॉल्टचा दिवा विझवायला तो सगळ्यात सोपा मार्ग. पॅनेल हिरवं दिसतं आणि वरच्या मजल्यावर तार कुठेच जोडलेली नसते. तसंच मध्येच टी मारून फाटा काढला की त्या फाट्यावर कोणाचं लक्ष राहत नाही. तार एका डिटेक्टरात जाऊन, तिथून निघून, पुढच्यात जायला हवी. अशा इमारतीत माणसं निश्चिंत झोपतात. मला याचा फार त्रास होतो.

प्रतिसाद ३

स्वयंपाकखोलीचं मी लिहिते. अग्निशमन खात्यात होते, आता निवृत्त आहे.

मुलांचं मॉडेल प्रदर्शनात ठेवा, स्वयंपाकखोलीत कायमचं लावू नका. हाताने जोडलेल्या पट्टीचं सेटिंग वाफेने, तेलकट थराने आणि गंजाने सरकत जातं. कायमसाठी भारतीय मानक ब्युरोने (बीआयएस) प्रमाणित केलेला डिटेक्टरच घ्या. उष्णतेवर चालणाऱ्यांसाठी आयएस २१७५ आणि संपूर्ण यंत्रणेच्या जोडणीसाठी आयएस २१८९ ही भारतीय मानकं आहेत. जोडणी परवानाधारक एजन्सीकडून करून घ्या. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात देखभालीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायची तरतूद आहे, त्यामुळे एजन्सीलाही ती पद्धत माहीत असते.

स्वयंपाकखोलीत धुराचा डिटेक्टर नको. रोजच्या फोडणीला तो वाजेल आणि आठवड्याभरात कोणीतरी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधेल. तिथे उष्णतेचाच हवा, तोही छताला, शेगडीच्या बरोबर वर नाही. गॅसगळतीसाठी वेगळा डिटेक्टर, आणि तो जमिनीपासून थोडाच वर, साधारण वीतभर, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. आगीची घंटा गळती सांगत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगा.

आणि यंत्राच्या आधी करता येण्यासारखं: सिलिंडर खोलीबाहेर, रबरी नळी मुदतीत बदललेली, दाराला बाहेरून कडी नाही, वर्ग आणि स्वयंपाक यांच्यामध्ये पेटणारं छप्पर नाही. कुंभकोणमला छप्पर झापांचं होतं. घंटा वाजल्यावर मुलांनी कुठल्या दाराने निघायचं याची कवायत झाली नसेल तर घंटा नुसता आवाज करेल.

धागाकर्ती

मॅडम, तुमचा प्रतिसाद छापून समितीच्या सभेत वाचून दाखवणार आहे. स्वयंपाकखोलीच्या दाराला बाहेरून कडी आहे, ती काढायला सांगते.

तीन अवस्थांचं सर्किट मुलांनी वहीत काढलं आहे. ६८० ओहमचे रेझिस्टर इथे मिळाले नाहीत, ४७० चे आहेत. चालतील का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

चालतील. आगीच्या वेळी २८ मिलिअँपिअरच्या आसपास जाईल, एवढंच. मीटरची पट्टी ३० पर्यंतची असेल तर बसेल, २५ चीच असेल तर ४७० च्या ओळीत २२० चा एक टाका. अर्धा वॅटचे घ्या, म्हणजे मेणबत्ती बराच वेळ धरून ठेवली तरी जास्त तापणार नाहीत.