टॅब्लेटवर पूर्णवेळ व्यावसायिक काम होते का? आपले अनुभव सांगा

मुद्रितशोधक_पुणे :
पुतणीने आर्किटेक्चरला प्रवेश घेतल्यावर 'लॅपटॉपऐवजी टॅब्लेट घेतला तर चालेल का', असे मला विचारले आणि २०१० साल आठवले. पहिला आयपॅड बाजारात आला तेव्हा आमच्या छापखान्यात संगणकाचे दिवस भरले, अशी चर्चा रंगली होती. आज मी पीडीएफ प्रुफे टॅब्लेटवरच तपासते, कारण पेनाने नेमक्या काना-मात्रेवर खूण करता येते. पानांची जुळणी मात्र संगणकावरच होते. त्यासाठीचे इनडिझाइन हे सॉफ्टवेअर टॅब्लेटवर नाही, आणि युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमधली जुनी फाइल तिथे उघडली की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा विस्कटलेला गुंता दिसतो. आपण काय करता, ते कृपया लिहावे.

सनदी_सांगली :
आमचे घोडे अडते ते डीएससीपाशी, म्हणजे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्रापाशी. कंपन्यांची विवरणपत्रे डिजिटल स्वाक्षरीने दाखल करावी लागतात आणि ती स्वाक्षरी ज्यात असते त्या यूएसबी टोकनचे ड्रायव्हर संगणकासाठीच बनवलेले असतात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला विंडोज लागते. एक्सेलची शीट टॅब्लेटवर उघडते, पण त्यातले मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा) चालत नाहीत. अशिलाच्या गोदामात उभ्या उभ्या मालाची मोजणी नोंदवून लगेच फोटो जोडायचे असतील, तर मात्र मी टॅब्लेटच नेतो.

रंगरेषा :
माझा अनुभव अगदी उलट आहे. मुलांच्या पुस्तकांची सगळी चित्रे मी आयपॅडवरच्या प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये काढते आणि प्रकाशकाला पीएसडी (फोटोशॉपची) फाइल तिथूनच पाठवते. पूर्वी हात टेबलावरच्या, संगणकाला जोडलेल्या काळ्या ड्रॉइंग पाटीवर आणि नजर समोरच्या पडद्यावर, अशी कसरत असे. २०१५ मध्ये आयपॅड प्रो आणि ॲपल पेन्सिल हे त्याचे पेन आल्यानंतर रेघ पेनाच्या टोकाखालीच उमटू लागली, आणि हा फरक हाताला जाणवतो तितका शब्दांत सांगता येणार नाही. कॅनव्हास मोठा घेतला की लेयर (चित्राचे एकावर एक थर) कमी मिळतात, एवढीच मर्यादा आहे.

आडगावकर :
मान फार अवघडते हो. स्टँड आणि कीबोर्ड घेतल्यावर वजन आणि खर्च लॅपटॉपच्या जवळ जातो, हेही लक्षात घ्यावे.

साइट_अभियंता :
स्लॅबच्या तपासणीतून वेळ काढून लिहितो आहे. सळयांमधले अंतर ड्रॉइंगशी ताडून पाहताना टॅब्लेटवर तो तपशील मोठा करून बघता येतो आणि कागदी ड्रॉइंगच्या गुंडाळ्या उलगडत बसावे लागत नाही. भर उन्हात मात्र उपकरण तापून पडदा मंद होतो. ताई, पुतणीला लॅपटॉपच घेऊन द्यावा. ऑटोकॅड या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरची मोबाइल आवृत्ती पाहण्यापुरती आणि किरकोळ दुरुस्तीपुरती ठीक आहे, पण इमारतीचे त्रिमितीय मॉडेल बनवणारे रेव्हिट फक्त विंडोजवर चालते.

मुद्रितशोधक_पुणे :
मनापासून आभार. रॅम किती असावी?

साइट_अभियंता :
किमान १६ जीबी घ्यावी. स्केचिंगसाठी तिला टॅब्लेट हवाच असेल, तर तो पुढच्या वर्षी घेता येईल.