प्रार्थनेला बसलं की मनात कुरकुर सुरू होते, काय करावं?

शहादा_कापूस: सलाम मंडळी. पहाटे गुडघे टेकले की आत एकच सूर: कापसाला भाव नाही, भावानं बांध कोरला, देव ऐकतो की नाही कोण जाणे. बायबलात फिलिप्पैकर २:१४ मध्ये कुरकुर न करता सगळं करा असं आहे, म्हणून दाबतो. मग दुपारी ती घरच्यांवर निघते. दाबायची नाही, तर करायचं काय?

नवापूर_वाचक: दादा, गणना ११ सावकाश वाचा. रानातून चाललेले इस्राएल लोक आपापल्या तंबूच्या दाराशी मिसरातले (इजिप्तमधले) मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवून रडतात आणि देव कोपतो. त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशे त्याहून कडक बोलतो, हे ओझं झेपत नाही, मला मारूनच टाक म्हणतो, पण ते सरळ देवाला. त्याच्यावर कोप नाही, उलट मदतीला ७० वडीलधारी माणसं मिळतात. पाठीमागे केली ती कुरकुर, समोर मांडलं ते गाऱ्हाणं.

मांडायचं कसं, ते स्तोत्र १३ मध्ये आहे. वचनं सहाच: १-२ गाऱ्हाणं, ३-४ मागणं, ५-६ भरवसा. वहीच्या पानाचे तसेच तीन भाग करा. पहिल्यात नेमकं लिहा. 'सगळं वाईट चाललंय' नको. 'आलेल्या पैशात वेचणीची मजुरीही सुटली नाही' असं. मोघम तक्रार दिवसभर डोक्यात घोळत राहते. दुसऱ्यात आजचं एकच मागणं, तिसऱ्यात देवानं केलेली एक गोष्ट. मग तोंडानं वाचा. १५ मिनिटं पुरतात. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच बोला, पुस्तकी मराठीत गाऱ्हाणं मनापासून निघत नाही.

बिघडतं ते तिसऱ्या भागाची घाई केली की. उपकारस्तुती मग ओठांवरच राहते. स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच आहे, तरी ते शास्त्रात आहे. एखाद्या दिवशी तिसरा भाग कोरा राहिला तर राहू द्या.

यावल_ताई: तुमच्या तीन तक्रारी तीन जातीच्या आहेत, एकाच पोत्यात भरू नका. कापसाच्या भावाचं देवापुढे मांडा. बांधासाठी मत्तय १८:१५: आधी भावाकडे, दोघंच असताना, चावडीवर नव्हे. नाहीच मिटलं तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, त्यात विश्वासाला काही उणेपणा नाही.

'देव ऐकतो का' हा संशय. मार्क ९:२४ मधला आजारी मुलाचा बाप विश्वास आणि अविश्वास एका दमात बोलतो, आणि येशू त्याचा मुलगा बरा करतो. वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न तारीख घालून लिहा, पाळकांकडे न्या. एका भेटीत एकच.

शहादा_कापूस: आणि दुपारी परत उसळली तर?

नवापूर_वाचक: परत मांडायची. स्तोत्र ४२-४३ मध्ये 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' हा सवाल तीनदा येतो. एकदा विचारून स्तोत्र लिहिणाऱ्याचंही भागलं नव्हतं.

यावल_ताई: झोप आणि जेवणही बघा. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो, तेव्हा दूत आधी निखाऱ्यावर भाजलेली भाकर नि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, परत खाऊ घालतो. 'इथे काय करतोस' हा देवाचा सवाल त्यानंतर, होरेब डोंगरावर. दोन आठवडे झोप नसेल, कशातच जीव लागत नसेल, तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. जगणंच नको वाटलं तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.