चर्चा: नाताळच्या कोझी रहस्यकथेत सामाजिक प्रश्न असावेत का?

सांजवाचक
नाताळच्या पार्श्वभूमीवरील कोझी, म्हणजे रक्तपात टाळणाऱ्या हलक्याफुलक्या, रहस्यकादंबरीत बेघरपणा किंवा स्थलांतरितांविषयीचा संशय असे विषय आले, की ‘सणाच्या पुस्तकात हे कशाला?’ अशी तक्रार होते. मला ती मुळीच पटत नाही. १८४३ च्या डिसेंबरात आलेल्या डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये गरिबांसाठी मदत मागायला आलेल्यांना कंजूष स्क्रूज तुरुंग आणि वर्कहाउसकडे (गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या संस्थेकडे) बोट दाखवतो, नाताळच्या कथेत गरिबी तेव्हापासून मुरलेली आहे. रहस्यकथेपुरते बोलायचे, तर १८९२ मधील शेरलॉक होम्सची नाताळातली कथा ‘ब्लू कार्बंकल’ घ्या. हॉटेलातून रत्न चोरीस जाते आणि आळ येतो जॉन हॉर्नर या प्लंबरवर, कारण त्याला पूर्वी चोरीबद्दल शिक्षा झालेली असते. खरा चोर रायडर हे जाणूनच त्याला अडकवतो. शिक्षा भोगून आलेल्या माणसाकडे समाज कसा पाहतो, हा प्रश्न वगळला, तर त्या कथेतला कट उभाच राहत नाही.

तर्कसंगत
उदाहरण तुमचेच घेतो. होम्स सणाचे दिवस क्षमेचे म्हणून रायडरला सोडून देतो. हॉर्नरवरचा खटला रायडरच्या साक्षीअभावी टिकणार नाही, एवढ्यावर त्याचा विषय संपतो. क्षमा चोराच्या वाट्याला आली आणि निरपराध माणसाने कोठडीत काढलेल्या दिवसांचा हिशेब कोणीच मागितला नाही.

कोझीचा तर साचाच असा, की खून पडद्याआड होतो, शोध हौशी माणूस घेतो आणि अखेरीस गावाची घडी पूर्ववत बसते. पण ज्या घडीत काही माणसे आधीपासूनच उघड्यावर होती, ती पूर्ववत बसण्यात समाधान कसले मानायचे? शेवटच्या प्रकरणात बेघर पात्राला सर्वांबरोबर जेवायला बसवले, की लेखकाचे मन हलके होते आणि प्रश्न जिथल्या तिथे राहतो. शिवाय भाडेकरूंना हुसकावणारा घरमालक पहिल्याच प्रकरणात दिसला, की तो खुनी तरी असणार किंवा बळी तरी, हे सराईत वाचक ताडतो. प्रश्नही उथळ होतो आणि कोडेही.

पानगळ
मला या पुस्तकांत विसावा हवा असतो आणि त्यात गैर काही नाही.

सांजवाचक
विसाव्याशी माझे भांडण नाही. तर्कसंगत, तुम्ही सांगितलेला दोष कच्च्या लेखनाचा आहे. समजा, चर्चच्या ओसरीवर झोपणाऱ्या एका माणसाने त्या रात्री कोण आले आणि कोण गेले, ते सारे पाहिले आहे. पोलीस त्याला संशयित म्हणून दरडावतात, पण साक्षीदार म्हणून एकही प्रश्न विचारत नाहीत. नायिका विचारते आणि दुवा मिळतो. इथे गावाचा पूर्वग्रह हाच वाचकाला चकवणारा पडदा आहे. तो काढला तर रहस्यच उरत नाही.

तर्कसंगत
ही रचना मला मान्य आहे, पण मग त्या माणसाला केवळ साक्षीपुरता वापरू नका. त्याला नाव असावे, त्याचा स्वतःचा स्वार्थ असावा, त्याने एखादी गोष्ट दडवावी आणि खून त्यानेच केला असण्याची शक्यता शेवटपर्यंत खुली राहावी. दयेपोटी संशयितांच्या यादीतून वगळलेले पात्र वाचक तत्काळ ओळखतो, आणि कोडे तिथेच सुटते.