घरी बनवलेला कीबोर्ड: फर्मवेअर स्वतः लिहायचं की व्हायावर भागवायचं?

सातपूरचा_सोल्डर
अंबडला लेझरवर प्लेट कापून घ्यायची, रात्र-रात्र बसून स्विच आणि डायोड सोल्डर करायचे, आणि फर्मवेअरची, म्हणजे कीबोर्डाच्या चिपमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामची, वेळ आली की म्हणायचं "व्हाया आहे ना", म्हणजे बटणं नेमायचं तयार ॲप. माझ्या मते असा कीबोर्ड अर्धाच झाला. क्यूएमके हे कीबोर्डचं फर्मवेअर मुक्त स्रोत आहे, सी भाषेत आहे आणि कीमॅप म्हणजे शेवटी कोणतं बटण काय पाठवतं याचा एक तक्ता. बटणांच्या आडव्या-उभ्या ओळींच्या (रो-कॉलम) पिना आणि डायोडची दिशा नीट सांगितली की बोर्ड चालू.

कॉलेजरोड_०२
असहमत. सोल्डरिंगची हौस आहे म्हणून सी ची पण असलीच पाहिजे का? व्हायात बटण बदललं की तिथल्या तिथे लागू. कंपाइल नाही, चिपमध्ये पुन्हा भरणं (फ्लॅश) नाही.

सातपूरचा_सोल्डर
व्हाया स्वतःच क्यूएमकेवर चालतं, साहेब. हाताने वायर ओढलेल्या बोर्डाची व्हायाला लागणारी तयार फाइल देणार कोण? शिवाय प्रो मायक्रो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या चिपमध्ये ३२ केबी जागा, त्यातली काही बूटलोडर (फर्मवेअर भरून घेणारा छोटा प्रोग्राम) खातो. व्हाया, ओएलईडी पडदा, रंगीत दिवे सगळं चालू केलं की मावत नाही. मग काय वगळायचं ते कळायला आतलं माहीत हवं.

कॉलेजरोड_०२
मग रास्पबेरी पाय पिको घ्या, तोही कंट्रोलर बोर्डच. २ एमबी फ्लॅश. त्यावरचं बूटसेल बटण दाबून केबल लावली की पेनड्राइव्हसारखा दिसतो, फर्मवेअरची यूएफ२ फाइल टाकायची, संपलं.

गंगापूररोड
केएमके हे दुसरं फर्मवेअर कुणी वापरत नाही का? पिकोवर चालतं, पायथनमध्ये लिहायचं, फाइल सेव्ह केली की बदल लागू. (आता दोघेही माझ्यावर तुटून पडा.)

पंचवटीची_डीटीपी
मी दिवसभर इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत मराठी टाइप करते. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, फक्त बटणाचा कोड पाठवतो. 'ळ' उमटवतो तो संगणक. इनस्क्रिप्टमध्ये 'ळ' म्हणजे शिफ्ट आणि एन. व्हायात अंगठ्याच्या एका बटणावर तेवढं ठेवलं. सी ची एक ओळ लागली नाही.

सातपूरचा_सोल्डर
ताई, इंग्रजीत गेलात की त्याच बटणातून मोठा एन येत असेल!

पंचवटीची_डीटीपी
येतो ना. म्हणून ते वेगळ्या लेयरवर, म्हणजे बटणांच्या दुसऱ्या मांडणीवर, टाकलंय. आता एकाच बटणाने लेयरही बदलावा आणि विंडोजची भाषाही, असं हवंय. व्हायाच्या मॅक्रोतून (एका बटणावर ठेवलेल्या बटणांच्या मालिकेतून) भाषा बदलणारं विंडोज-स्पेस जातं, पण लेयर बदलत नाही.

सातपूरचा_सोल्डर
हेच सांगत होतो! क्यूएमकेत कस्टम कीकोड (स्वतः ठरवलेला बटणाचा कोड) करा, त्यात विंडोज-स्पेस पाठवा आणि लेयर उलटवा. चार-पाच ओळींचं काम.

कॉलेजरोड_०२
आणि ताईंनी माऊसने भाषा बदलली तर? संगणकात मराठी, बोर्डात इंग्रजी लेयर. बोर्डाला काय स्वप्न पडणार आहे?

सातपूरचा_सोल्डर
रॉ एचआयडीने (यूएसबीवरून थेट माहिती पाठवायची सोय) संगणकाकडून बोर्डाला कळवता येतं. त्यासाठी संगणकावर एक छोटा प्रोग्राम चालू ठेवावा लागेल.

कॉलेजरोड_०२
म्हणजे एका 'ळ'साठी आता दोन प्रोग्राम.

पंचवटीची_डीटीपी
माऊसला हात लावत नाही मी. त्या चार-पाच ओळी तेवढ्या टाका इथे.