मदत हवी आहे: जॅझ गिटार, 180 च्या पुढे पिक आणि डाव्या हाताची बोटं एकत्र राहत नाहीत

प्रश्न

बीबॉप (वेगवान जॅझची एक शैली) धाटणीच्या ओळी, एका ठोक्याला दोन नोट्स. 180 बीपीएमपर्यंत (मिनिटाला 180 ठोके) सगळं स्वच्छ. 200 ला डावी बोटं पुढे पळतात, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) मागे राहतं, आणि माशी नेमकी तार बदलताना शिंकते: एखादी नोट नुसती 'टक्' वाजते. एकाच तारेवर वाजवलं तर त्रास जवळपास नाही. सगळीकडे काटेकोर ऑल्टरनेट पिकिंग (एक फटका खाली, एक वर), 0.73 मिमीचं पिक, 12 गेजच्या (जाडसर) फ्लॅटवाउंड (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) तारा. रोज मेट्रोनोम 5-5 ने वाढवतो, पण अडतं तिथेच. काय बदलावं?

उत्तर 1

एकाच तारेवर जमतंय म्हणजे वेगाची अडचण नाही. 200 ला सेकंदाला सात नोट्सही होत नाहीत. आधी ती 'टक्' कुठली ते शोधा. फोनवर रेकॉर्ड करून अर्ध्या वेगाने ऐका. नोट सुरुवातीलाच बसकी असेल, तर बोट उशिरा पोचलंय. नीट सुरू होऊन मध्येच तुटत असेल, तर बोट लवकर उचललं गेलंय. तुमच्या वर्णनावरून दुसरं वाटतं: पिक तारांमध्ये अडकतं, बोटं मात्र थांबत नाहीत.

अडकतं का? बहुतेकांचं पिक किंचित तिरकं असतं. एका दिशेचा फटका मारून ते तारांच्या वर मोकळं येतं, दुसऱ्या दिशेने मारलं की दोन तारांच्या मध्ये राहतं. समजा तुमचं अपस्ट्रोकनंतर, म्हणजे वरच्या फटक्यानंतर, मोकळं होतं (आरशात बघून खात्री करा). मग तार अपस्ट्रोकनंतरच बदलायची, म्हणजे प्रत्येक तारेवर सम संख्येने नोट्स.

करून बघा, डी मायनरवर: पाचव्या तारेवर फ्रेट (गळ्यावरची पट्टी) 5, 8, चौथीवर 7, 10, तिसरीवर 9, 12. खाली-वर, खाली-वर, खाली-वर. हे 200 ला चाललं आणि बाकीचं अडखळलं, तर निदान पक्कं.

विषम नोट्स आल्या की दोन उपाय. चढताना पुढच्या तारेवर त्याच डाउनस्ट्रोकने (खालच्या फटक्याने) सरकायचं. सी मेजर सेव्हन घ्या: पाचवी तार फ्रेट 3 खाली, चौथी तार 2 पुन्हा खाली, 5 वर, तिसरी तार 4 खाली. दुसरा उपाय म्हणजे एक नोट पिक न करणं. ठोक्याच्या मधली नोट पिकने, ठोक्यावरची हॅमर-ऑन (डावं बोट तारेवर आपटून) किंवा पुल-ऑफने (बोटाने तार खेचून सोडून). हात वाचतो हे झालंच, पण ओळीला बीबॉपचा लहेजा मुळात अशानेच येतो. प्रत्येक नोट पिकनेच वाजवण्याचा हट्ट मला तरी अनाठायी वाटतो.

उत्तर 2

वरच्याशी सहमत, दोन गोष्टी जोडतो.

0.73 चं पिक 12 च्या तारांवर वाकतं आणि सरळ व्हायला वेळ घेतं. उशीर तिथेही आहे. 1.2 ते 1.5 मिमी घ्या. टोक तारेच्या खाली एखाद-दोन मिमीच जाऊ द्या, आणि पिक सपाट न धरता कडेने घासेल इतकं वळवा.

5-5 ची शिडी सोडा. संथ लयीत चुकीची हालचालही खपून जाते, मग तीच मुरते. त्याऐवजी 220 लावा, चार नोट्स वाजवा, पाचवी ठोक्यावर टेकवून थांबा. एक आवर्तन गप्प. त्या वेळात खांदा आणि अंगठा सैल झालाय का बघा. दहापैकी आठ वेळा स्वच्छ आलं की आठ नोट्स अधिक एक. तार बदलण्याची जागा त्या चार नोट्सच्या मधोमध येईल असा तुकडा निवडा, नाहीतर सगळा खटाटोप फुकट.

आणि स्विंग (ठोक्यातली पहिली नोट लांब, दुसरी आखूड) किती ठेवताय? 200 ला दोनास एक असा पूर्ण स्विंग ठेवला तर आखूड नोट 100 मिलिसेकंदांची होते. म्हणजे तिथे हात 300 बीपीएमला सरळ वाजवल्याइतका पळतोय. या लयीत नोट्स जवळपास सरळच ठेवा, झोका जोरातून द्या.

प्रश्नकर्ता

डी मायनरचा तुकडा 200 ला पहिल्याच दिवशी गेला! सी मेजर सेव्हनमध्ये मात्र ते दोन डाउनस्ट्रोक एकमेकांवर आदळतात, दुसरी नोट लवकर येते.

उत्तर 1

सरकत्या फटक्याचं ठरलेलं दुखणं. पहिल्या डाउनस्ट्रोकनंतर पिक चौथ्या तारेवर टेकवून थांबवायचं, वेळ झाली की तिथूनच ढकलायचं. जिप्सी जॅझवाले असंच टेकवतात. 60 ला, डाव्या हाताने तारा म्यूट करून, फक्त या दोन नोट्स पाच मिनिटं. मग जोर दुसऱ्या नोटवर द्या, पहिलीवर नाही. डावा हात आल्यावर तिसऱ्या फ्रेटवरचं बोट पुढची नोट वाजेपर्यंत उचलू नका. कोपराजवळ ताण जाणवला तर त्या दिवशी तिथेच थांबा.